आधी डाळ, मग भाकर

आत्या,

काल शोकसभेत एक जण तुझ्याबद्दल बोलायला उठले आणि म्हणाले, "गयाबाई फार कष्टाळू होत्या." सगळ्यांनी माना हलवल्या. मी सतरंजीवर बसल्या बसल्या चुळबुळत होते. उठून सांगावंसं वाटत होतं, की अहो, कष्टाळू तर आमच्या वस्तीतली एकूण एक बाई होती. माझी आत्या ताकदवान होती. या दोन गोष्टींत फरक असतो, आणि तो फरक तिनं मला एका कोरड्या वर्षात अंगणात उभं करून, शिकवला. पण मी उठले नाही. उठले असते तर रडले असते, आणि रडत रडत बैठकांबद्दल बोलणारी निवृत्त पोलीसबाई लोकांना कळली नसती. म्हणून आज तुलाच सांगते.

मी तुझ्या भावाची मुलगी. भोकरजवळच्या आपल्या गावी दहावी झाले आणि तुझ्या गौतमशी माझं लग्न लागलं. तू सासू झालीस, तरी मी तुला 'अगं आत्या' म्हणतच राहिले. वस्तीतल्या बायकांना ते खटकायचं. तू म्हणायचीस, "मला 'अहो' म्हणलीस तर मला वाटंल कुणी दुसरंच हाय."

जळकोटच्या बाजूला तुझं ते दोन खोल्यांचं घर, पुढं मोठं अंगण, चार कोंबड्या, एक शेळी. गौतम औशाच्या बाजारात पोती उचलायचा आणि आठवड्याला घरी यायचा. त्या वर्षी पाऊस पडलाच नाही. नदीत नुसती वाळू. आपण दोघी पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर जाऊ लागलो. तू दगड फोडायचीस, मी मातीची टोपली उचलायची. पाचव्या की सहाव्या दिवशी बांधावर चढता चढता माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी टोपलीसकट खाली गडगडले. शुद्धीवर आले तेव्हा मुकादम हसत होता. "गयाबाई, सून आणली का काडी आणली?" माणसं हसली. तू हसली नाहीस, चिडलीही नाहीस. मला पाणी पाजलंस, माझी सांडलेली टोपली भरलीस आणि ती डोक्यावर घेऊन बांध चढलीस. उतरताना तू माझ्या दंडाकडं असं बघितलंस, जसं बाजारात कुणी म्हैस बघतं.

त्याच आठवड्यात गौतम औशाहून बातमी घेऊन आला. लातूर वेगळा जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. नवी कचेरी, नवे साहेब, सगळीकडं माणसं हवी होती. पोलिसांत भरती निघाली होती आणि बाया पण घेणार होते. गौतमनं गंमत म्हणून सांगितलं. दहावी लागते, उंची लागते, वजन लागतं, पळावं लागतं, लोखंडी गोळा फेकावा लागतो.

"उंची हाय हिला," तू म्हणालीस.

"वजन कुठाय?" गौतम म्हणाला.

"करू की."

मला वाटलं, तूही गंमतच करतेस. दुसऱ्या दिवशी तू मला घेऊन उपकेंद्रातल्या नर्सबाईंकडं गेलीस आणि दारातूनच विचारलंस, "बाई, या पोरीच्या अंगावर मांस कसं चढंल? चरबी न्हाई म्हणत मी. मांस."

नर्सबाई भल्या होत्या. त्यांनी बसवून घेतलं, समजावून सांगितलं आणि एका कागदावर लिहूनही दिलं. घरी आल्यावर तू मला तो कागद वाचायला लावलास. वर ठळक अक्षरात शब्द होता, प्रथिने.

"परथिनं म्हंजे काय गं?"

"ज्यानं मांस बनतं ते."

"मग तसं लिवावं की."

कागदात होतं, भाकरीनं पोट भरतं, मांस भरत नाही. हुलगा, हरभरा, मूग, शेंगदाणे, अंडी, दूध, सुकट. एकदम खाऊन उपयोग नाही, दिवसात चार वेळा थोडं थोडं खायचं. तू ते दोनदा वाचून घेतलंस आणि कणगीत हात घालून तळाशी उरलेला मागच्या वर्षीचा हुलगा वर काढलास. घोड्याला घालायचं धान्य म्हणून मी नाक मुरडलं. तू म्हणालीस, "घोडं कसं पळतंय बघितलंस का?"

त्या दिवसापासून ताटात तुझा कायदा सुरू झाला. आधी डाळ, मग भाकर. मूठभर हुलगा किंवा हरभरा संपल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही. सकाळी मोड आलेले मूग, दुपारी हुलग्याचं घट्ट वरण, संध्याकाळी शेंगदाण्याचा कूट आणि सुकटीची चटणी. कोंबड्यांची अंडी आपण बाजारात विकायचो, ती तू विकायची बंद केलीस. शेळी आटत चालली होती, तरी पेलाभर दूध निघायचं, ते माझं. मूठ तू तुझीच धरायचीस, माझी नाही. तुझी मोठी होती.

आणि कसरत. ती तुला कुठून येत होती, हे मला तेव्हा कळलं. माझे वडील, म्हणजे तुझा दादा, लहानपणी तालमीत जायचे. घरी अंगणात बैठका मारायचे आणि मोजायला तुला बसवायचे. मोजता मोजता तूही मारू लागलीस. दादाला शंभरावर दम लागायचा, तुला दीडशेवर. मग तू वयात आलीस आणि आजोबांनी ते बंद केलं. पोरीच्या जातीला हे कशाला, म्हणाले. हे सांगताना तू शेळीच्या दाव्याची गाठ सोडत होतीस, बांधत होतीस. "बंद केलं म्हंजे काय, मोजायचं बंद केलं," तू म्हणालीस. "घरात कुणी नसलं की मी मारायचीच."

मला पहिल्या दिवशी दहा बैठकांत गुडघे धरून बसावं लागलं. जोर तर एकही निघेना. जमिनीवर पडले ती पडलेच. तू ओरडली नाहीस. मला उठवून भिंतीपाशी नेलंस. भिंतीला हात लावून उभ्यानं जोर. पंधरा दिवस भिंत. मग ओट्यावर हात ठेवून, अंग तिरकं. मग पायरीवर. जमिनीवर पहिला खरा जोर निघाला, तेव्हा अंगणातल्या कोंबड्या उडाल्या इतक्या जोरात तू टाळी वाजवलीस. नदीतून एक गोल धोंडा आणला होतास. तो खांद्याशी धरून फेकायचा. पळायला नदीची वाळू. "वाळूत पळालीस की जमिनीवर उडशील." दर आठव्या दिवशी सुट्टी. मला उत्साह आला तरी हात लावू द्यायची नाहीस. "आज न्हाई. मांस आरामात वाढतं. दादा म्हणायचा."

पण आत्या, खरी लढाई अंगणात नव्हती. तू मला कामावरून काढलंस. दिवसभर टोपल्या उचलून वर कसरत केली तर अंगावर काही चढणार नाही, उलट उतरेल, हे तुला कुणी न सांगता कळत होतं. म्हणून तू एकटी कामावर जायचीस आणि मी घरी राहायची. दुष्काळाच्या वर्षात घरातली तरणी सून घरी! वस्ती पेटली. पाणी भरायला गेले की मागून ऐकू यायचं, "सासू खडी फोडून राहिली, सून बैठका मारून राहिली." गौतमच्या कानावर औशापर्यंत गेलं. तो आला तो तडकलेलाच.

"आई, लोक हसून राहिलेत. कसरतच करायची तर कामावर कर म्हणावं. टोपली उचलणं काय कमी कसरत हाय?"

तू चुलीपुढं होतीस. तू उठलीस आणि त्याच्यासमोर दोन्ही हात धरलेस. बोटं वाकडी झालेली, एका अंगठ्याचं नख कायमचं गेलेलं.

"हे कामाचं हात हायत. वीस वरीस काम केलं. कामानं माणूस झिजतं, गौतम. काम दुसऱ्यासाठी आसतंय, ते त्याला लागंल तेवढं तुझ्यातनं काढून घेतंय आन् सोडून देतंय. ताकद आपल्यासाठी कमवावी लागती. येगळी. खाऊन, मोजून, आराम करून. मला कुणी कमवू दिली न्हाई. हिला मी कमवू देणार."

 दुसऱ्या दिवशी जाण्याआधी गौतम नदीवर गेला आणि वाळूतले काटे, काचा वेचून त्यानं माझ्यासाठी पळायची वाट साफ केली. पुढच्या आठवड्यात येताना त्यानं एका पिशवीत फुटाणे आणले. ती त्याची शरणागती होती.

आता ते भांडण. आपलं एकच खरं भांडण, जे कधी मिटलं नाही.

एक दिवस तू भाकर न बांधताच गेलीस; विसरलीस असं वाटून मी ती घेऊन कामावर आले. तू झाडाखाली बायकांत बसली होतीस. तुझ्यापुढं एक वाडगा होता आणि त्यात नुसतं पाणी आणि मीठ-मिरची. कुणाची तरी अर्धी भाकर त्यात कुस्करलेली. मी घरी येऊन कणगी बघितली, मडकी बघितली. हुलगा एकीच्या मापानं संपत होता, दोघींच्या नाही. अंडी माझी, दूध माझं, सुकट माझी. तू खडी फोडत होतीस आणि खात होतीस पाणी.

संध्याकाळी मी ताट सरकवलं. जेवणार नाही म्हणाले.

"काय करलालीस गं? खा."

"तू खाल्लंस तर खाईन."

"मी खाऊन आले."

"मी बघून आले."

 तू चिडलीस. मी तुला कधी इतकं चिडलेलं बघितलं नव्हतं. "तू उपाशी राहिलीस तर माझं इतक्या दिवसांचं वाया जाईल! कळतं का तुला?" म्हणालीस, आणि बोलून गेलीस हे तुझ्याच ध्यानात आलं. माझ्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. तू ताट परत माझ्यापुढं ओढलंस, त्यातली एक मूठ उचलून तुझ्या भाकरीवर ठेवलीस आणि माझ्यासमोर बसून खाल्लीस. त्यानंतर रोज तसं झालं. पण आधीच्या दोन-अडीच महिन्यांत तू काय खाल्लंस, हे मी तुला आयुष्यभर विचारत राहिले आणि तू आयुष्यभर उडवून लावत राहिलीस. "खाल्लं आसंल काहीतरी. मेले का?" नाही मेलीस. पण मला उत्तर हवं होतं.

लातूरच्या मैदानावर आपण पहाटेच्या एसटीनं पोचलो. केवढ्या पोरी आल्या होत्या. काहींच्या अंगावर शहरी पंजाबी ड्रेस, काही साड्यांत. मी गौतमच्या पायजम्यात, वर माझ्या भावाचा सदरा. वजनाच्या रांगेत एक पोर केळ्यामागून केळी खात होती, दुसरी तांब्यानं पाणी पीत होती, वजन भरावं म्हणून. माझाही धीर सुटला. मी तांब्या मागितला.

"न्हाई," तू म्हणालीस. "चोरीचं वजन नगं. जे कमावलंय ते चढव."

मी काट्यावर चढले. काटा हलला, मागं आला, परत पुढं गेला आणि जिथं पाहिजे होता त्याच्या थोडा पुढं जाऊन उभा राहिला. लिहिणाऱ्यानं मान वर न करता आकडा लिहिला. त्याला काय माहीत, त्यानं कुणाचे किती हुलगे लिहिले ते.

पळताना पहिल्या फेरीला मी जवळजवळ शेवटी होते. सगळ्या जणी सुसाट सुटल्या होत्या. दुसऱ्या फेरीला त्या धापा टाकू लागल्या. माझे पाय वाळूत शिकलेले, त्या कठीण मैदानावर ते हलके होत गेले. कुंपणापलीकडून तुझा आवाज आला. शेकडो माणसांत एकच आवाज. "मागं बघू नगं! शशे, मागं बघू नगं!" मी बघितलं नाही. किती जणी मागं पडल्या ते मला थांबल्यावरच कळलं. आणि गोळा? तो लोखंडी गोळा हातात घेतला तेव्हा मला हसू आलं. आपला धोंडा त्याहून जड होता.

यादीत नाव आलं त्या दिवशी तू वस्तीत पेढे वाटले नाहीस. तू मोड आलेला हरभरा वाटलास, गूळ घालून. ज्या बायका बोलल्या होत्या त्यांच्या हातावर आधी ठेवलास. आणि प्रत्येकीला सांगितलंस, "पोरीला पण द्या. आधी डाळ, मग भाकर."

पुढं नांदेडला नेमणूक झाली, मग लातूरला. बंदोबस्तात बारा-बारा तास उभी राहिले, गर्दीत एकदा दोन माणसांना एकटीनं मागं सारलं, लेक झाल्यावर चाळीस दिवसांनी परत भिंतीपासून जोर सुरू केले. या सगळ्या ठिकाणी माझ्या अंगात जे होतं, ते तुझ्या ताटातलं होतं. हे मी तुला कधी म्हणाले नाही. आपल्या घरात आभार मानायची पद्धत नाही. मी दुसरं काही केलं. तू माझ्याकडं लातूरला राहायला आलीस त्या पहिल्या सकाळी मी दोन अंडी उकडली आणि तुझ्यापुढं ठेवली. तू एक माझ्याकडं सरकवलंस. मी परत तुझ्याकडं सरकवलं. शेवटी मी वर्दीतला आवाज काढला, "गयाबाई, खा!" तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला. पण खाल्लीस. दोन्ही.

आणि मग तू साठीत स्वतःसाठी सुरुवात केलीस. गच्चीत, सूर्य वर यायच्या आत, पदर खोचून. आधी पाच बैठका, मग दहा. आता कुणी बंद करायला नव्हतं. माझी लेक प्रज्ञा तुझ्या शेजारी उभी राहून मोजायची. मोजता मोजता तीही मारू लागली, तेव्हा तू माझ्याकडं बघितलंस. मग गल्लीतल्या बाया येऊ लागल्या. कुणाची कंबर, कुणाचे गुडघे, कुणाला साखर. तू प्रत्येकीला आधी विचारायचीस, "खातीस काय?" साबुदाणा ऐकलं की कपाळाला हात लावायचीस.

तीन वर्षांपूर्वी न्हाणीत पडलीस. खुब्याचं हाड गेलं, ऑपरेशन झालं. डॉक्टर चांगले होते, पण त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, या वयात आता वॉकर सुटणार नाही, मनाची तयारी ठेवा. मी तुला ते सांगितलं नाही. तू ऐकलं होतंस. महिन्याभरानं, परवानगी मिळाली त्या दिवशी, तू खुर्ची मागितलीस. खुर्चीवरून उठायचं, बसायचं. दोन वेळा. घामानं भिजलीस. दुसऱ्या दिवशी तीन वेळा. वाटीभर वरण, अंडं, दूध, विसावा, परत खुर्ची. पावसाळा संपता संपता तू वॉकर घडी करून माळ्यावर टाकायला लावलास आणि तपासणीला दवाखान्याचा जिना चढून गेलीस. डॉक्टर खुर्चीतून उठून उभे राहिले. "आजी, काय खाता तुम्ही?" त्यांनी विचारलं. तू त्यांना अर्धा तास सांगितलंस. बाहेर पेशंट ताटकळले.

गेल्या महिन्यात एका दुपारी मी तुझ्या डोक्याला तेल लावत होते. परत विचारलं, "आत्या, तेव्हा तू काय खात होतीस?" या वेळी तू उडवून लावलं नाहीस.  म्हणालीस, "तुला जोर निघाला न्हाई का, भुईवरचा पहिला. त्या दिवशी माझं पोट भरलं व्हतं." हे उत्तर नाही, आत्या. हे मला मान्य नाही. मी अजून भांडतेच आहे तुझ्याशी. पण तेलाची वाटी मला खाली ठेवावी लागली होती, एवढं तुला माहीत आहे.

गेलीस त्या सकाळी तू खुर्चीवरून बारा वेळा उठलीस. प्रज्ञानं मोजलं. जेवलीस, आडवी झालीस आणि उठली नाहीस. मला दुःख आहे, खूप आहे. पण तू झिजून गेली नाहीस. भरलेल्या अंगानं गेलीस.

तुला न्यायची वेळ झाली तेव्हा पुरुष पुढं आले. प्रज्ञा आधीच तिरडीपाशी उभी होती. मी तिच्यासमोर उभी राहिले. मागं गल्लीतल्या दोघी, रोज तुझ्याबरोबर गच्चीत येणाऱ्या. एक म्हातारे पाहुणे म्हणाले, "बायांना झेपायचं न्हाई, वाटेत चढ हाय." गौतम तुझ्या पायांशी उभा होता. तो रडत होता, पण त्याचा आवाज स्वच्छ निघाला. "त्यांनाच धरू द्या."

आम्ही खाली वाकलो, पाठ सरळ ठेवून, पायांच्या जोरावर, तू शिकवलंस तसं, आणि उचललं. वाटेत दोनदा पुरुष खांदा बदलायला पुढं आले. दोनदा आम्ही मान हलवली. चढ लागला तेव्हा प्रज्ञानं विचारलं, "आई, जड होतंय का?"

"जड हाय," मी म्हणाले. "झेपतंय."